शुगर वाढली, चूक कुणाची?

मावशीच्या फाइलवर डॉक्टरांनी एक ओळ लिहून ठेवली आहे : ‘इन्सुलिन नियमित घेत नाही.’ ओळ खोटी नाही. मावशी सकाळचा डोस स्वतःच्या मनाने कमी करत होती.

का, ते घरी विचारल्यावर कळलं. ती सकाळी साडेसहाला बाहेर पडते, चार घरची पोळ्या-भांड्यांची कामं करते आणि पहिला घास पोटात जातो तो अकराला. पूर्ण डोस घेतला की नऊच्या सुमारास हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा. एकदा तर एका घरी ओट्याशीच मटकन बसली. इन्सुलिन घेऊन वेळेवर खाल्लं नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं. अंगावर आलं तेव्हा तिने आपल्यापरीने उपाय शोधला. उपाय चुकला, शुगर चढीच राहिली. पण ती बेफिकीर नव्हती. कुणी न शिकवता ती आपला आजार सांभाळू पाहत होती.

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा हे बहुधा पाठ न सोडणारे आजार. महिन्यातून एकदा दहा मिनिटं डॉक्टर भेटले, तर वर्षाचे होतात दोन तास. वर्षात तास असतात ८,७६०. उरलेले ८,७५८ तास पेशंटच स्वतःचा डॉक्टर, नर्स आणि स्वयंपाकी असतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. म्हणजे इतके लोक रोज हे काम करतात. प्रश्न असा, की ते काम बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा?

आपलं नेहमीचं उत्तर तयार असतं : ‘पथ्य पाळलं नसेल.’ पण मराठीत जबाबदारी देणं आणि जबाबदारी ढकलणं यात फरक आहे. देणारा आधी शिकवतो, साधनं हातात ठेवतो, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगतो. ढकलणारा फक्त निकाल तपासतो. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट पाहून ‘वाढली आहे’ म्हणणं, हे निकाल तपासणं झालं. तो आकडा गरजेचाच आहे, पण तो मावशीची परीक्षा घेतो. दवाखान्याची परीक्षा कुणी घ्यायची?

यावर अमेरिकेत रसेल ग्लासगो, एड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचं नाव ‘पॅसिक’. प्रश्न वीस, आणि उत्तरं द्यायची पेशंटने. गेल्या सहा महिन्यांत उपचार ठरवताना तुमचं मत विचारलं का? औषधांचा काही त्रास होतो का, हे विचारलं का? रोजच्या आयुष्यात जमेल असा बेत आखायला मदत केली का? भेटीनंतर कुणी चौकशी केली का? यातले बहुतेक प्रश्न ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारत नाहीत. अमुक गोष्ट घडली का आणि किती वेळा, असं विचारतात.

हा फरक लहान वाटतो, पण नैतिक प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मावशीला ‘दवाखाना कसा आहे’ विचारा. ती म्हणेल, ‘चांगलाय की, डॉक्टर ओरडत नाहीत.’ ज्याला कधी काही मिळालंच नाही, त्याची तक्रारही लहान असते. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं होतं, की केरळात आयुर्मान जास्त असूनही लोक आजारपणाच्या तक्रारी जास्त सांगतात आणि बिहारात कमी. बिहारची माणसं जास्त निरोगी होती म्हणून नव्हे. शिक्षण आणि आरोग्यसेवा मिळाली की काय बिघडलंय हे ओळखता येतं. त्यामुळे समाधानाचे गुण मोजले, तर सगळ्यात वंचित पेशंटचा दवाखानाही पास होऊ शकतो.

कुणी म्हणेल, बाहेर शंभर जणांची रांग असताना डॉक्टर हे सगळं कधी विचारणार? खरं आहे, एकट्या डॉक्टरला दोष देणंही ढकलणंच होईल. म्हणून तर मोजमाप सेवेचं हवं : समुपदेशक आहे का, नर्सला वेळ आहे का, फोन उचलणारं कुणी आहे का. आणि पेशंटची जबाबदारी? ती आहेच. पण ज्याला शिकवलं, साधनं दिली, त्यालाच ‘तू का केलं नाहीस’ असं विचारण्याचा हक्क आपल्याला पोचतो. तोवर आधी विचारायचं ते ‘तुला काय अडचण आली?’

मावशीला तो प्रश्न अखेर एका सिस्टरने विचारला : ‘सकाळी खाता किती वाजता?’ मग डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनची आणि खाण्याची वेळ जुळवून दिली, पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायला सांगितलं. या सगळ्याला पाच मिनिटं लागली असतील. मावशी आता पूर्ण डोस घेते. आईवडिलांसोबत पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा शुगर किती आली हे पाहाच. पण त्यांना तिथे कुणी काय विचारलं, हेही घरी येताना विचारा.