उसन्या मुरुमाचें ऋण

रस्त्याचा किंवा लोहमार्गाचा भराव घालण्यासाठीं आसपासच्या जमिनींतून माती-मुरूम काढतात. त्या खड्ड्याला इंग्रज इंजिनियरांनीं ‘बॉरो पिट’, म्हणजे उसनवारीचा खड्डा, असें नांव दिलें. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणणारी गृहिणी ती वाटी परत करावयाची हें गृहीत धरूनच आणते. भरावांत दाबलेला मुरूम मात्र कधींच परत येत नाहीं. तेव्हां एक तर हें नांव खोटें असलें पाहिजे, नाहीं तर परत करावयाची वस्तु मुरुमाहून निराळी असली पाहिजे. मला दुसरा पक्ष खरा वाटतो.

आपल्या दख्खनच्या पठारावर मुरूम म्हणजे काळा पाषाण झिजून, कुजून झालेला थर. तो मातीखालीं युगानुयुगें पडून होता, आणि त्याच्या असण्यानसण्याची शेतकऱ्यानें सहसा पर्वा केली नाहीं. गांव जगतें तें त्यावरच्या वीतभर मातीवर, पाण्याच्या वाहत्या वाटेवर आणि गुरें-पोरें निर्धास्त फिरतील अशा भुईवर. उसन्या घेतल्या जातात त्या या तीन गोष्टी, आणि या तिन्ही परत करतां येण्यासारख्या आहेत. कायदा मुरुमाला ‘गौण खनिज’ म्हणतो. खनिज गौण असेल, पण त्याच्या डोक्यावरची माती गौण आहे असें कोणीं ठरविलें?

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सामान्य कर्जांत आधीं घेणें आणि मग फेडणें हा क्रम असतो. खड्ड्याच्या बाबतींत फेडीची तयारी पहिल्या कुदळीच्या आधींच करावी लागते. वरची माती प्रथम निराळी काढून ठेवली नाहीं आणि ती मुरुमांत मिसळून गेली, तर नंतरचा कितीहि प्रामाणिक पश्चात्ताप ती वेगळी करूं शकत नाहीं. म्हणून त्या मातीचा ढीग दोन मीटरांहून उंच रचूं नये, असा संकेत आहे. रस्त्याच्या कडेचे खड्डे होतां होईतों टाळावे. घेतलेच तर सलग न खणतां दर तीनशें मीटरांच्या आंत निदान आठ मीटर रुंदीचा बांध सोडावा, बांधांतून पाण्यास चर द्यावा, खोली दीड मीटरांपलीकडे नेऊं नये, असेंहि रस्तेबांधणीच्या नियमांत सांगितलें आहे. हे आंकडे वरकरणी रूक्ष दिसतात. पण रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ मध्यें सिकंदराबाद येथें हिवतापाचे जंतु डासाच्या पोटांत दाखविल्यानंतर, रुळांकडेच्या खड्ड्यांत तुंबलेल्या पाण्याची किंमत कोण देत होतें हें स्पष्ट झालें. ती आगगाडींतील उतारू देत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, रस्ता हजारोंच्या उपयोगाचा, खड्डा एका गांवापुरता. शिवाय जमिनीचा मालक राजीखुषीनें पैसे घेतो. परंतु मालकाची संमति त्याच्या सातबाऱ्यापुरती असते. शेजारच्या विहिरीच्या पाण्याची संमति तो देऊं शकत नाहीं, आणि उभ्या कडांच्या खड्ड्यांत पहिल्या पावसानें भरलेल्या पाण्यांत उतरणाऱ्या मुलाची तर मुळींच नाहीं. हजारोंचें सुख एका मुलाच्या बुडण्याशीं तोलण्याचा तराजू मला ठाऊक नाहीं. आणि कडा उतरती ठेवल्यास तो हुडकावाहि लागत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें पांच हेक्टरांहून लहान गौण खनिजांच्या खाणींसहि पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. पुढें २८ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें रस्ते, नळवाहिन्या यांसारख्या लांबलचक कामांसाठीं साधी माती काढण्यास त्या परवानगींतून सूट दिली. ती न्यायालयानें २१ मार्च २०२४ रोजीं रद्द केली. अशीं कामें म्हणजे नेमकीं कोणतीं याची व्याख्या नव्हती, माती किती काढावी याला मर्यादा नव्हती, आणि लोकांना विचारलेंहि नव्हतें. काम सार्वजनिक आहे एवढ्यानें ऋण माफ होत नाहीं, असाच या निर्णयाचा अर्थ मी करतों.

बुलढाणा जिल्ह्यांत महामार्गांच्या भरावासाठीं तलाव व नाले खोल करून निघालेली माती व मुरूम वापरण्यांत आला. येथें फेड मुद्दलाहून मोठी झाली, कारण खड्डा कोठें हवा हें गांवाच्या तहानेनें ठरविलें. पण या उदाहरणाचा दुरुपयोग सोपा आहे. टेकाडावर उघडा टाकलेला खड्डा, ज्याला पाणलोट नाहीं कीं उतरण्यास वाट नाहीं, त्याला कागदावर शेततळें म्हटल्यानें तो तळें होत नाहीं. माझ्या मतें कंत्राटदाराची अनामत रस्ता पुरा झाला त्या दिवशीं सोडूं नये. परत पसरलेल्या मातीवर दुसऱ्या पावसाळ्याचें गवत उभें राहिलेलें गांवकऱ्यांनीं पाहावें, आणि मग सोडावी.