प्रयोगशाळेतील आप्तवचन

विज्ञान प्रत्यक्षावर उभे असते, असे शाळेत शिकवले जाते. परंतु त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला जे नियम पाळावे लागतात, ते त्याने स्वतः पडताळलेले नसतात आणि पडताळून पाहूही नयेत. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात सावकाश, ढवळत सोडावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, हा त्यांपैकी सर्वपरिचित नियम होय. या मिश्रणातून पुष्कळ उष्णता बाहेर पडते. पाणी आम्लापेक्षा हलके असल्याने वरून ओतल्यास ते पृष्ठभागाशीच उकळते आणि आम्लाचे शिंतोडे डोळ्यांपर्यंत उडवते. हे अनुभवाने शिकू पाहणाऱ्याचे, प्रत्यक्षाचे साधन असलेले इंद्रियच नष्ट होण्याचा धोका असतो.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे आप्ताचा उपदेश, हे चौथे प्रमाण, अर्थात यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले, ही त्याची उदारता खरोखर आदरणीय आहे, कारण त्यामुळे अधिकार जाणण्यावरून व प्रामाणिकपणावरून ठरतो. या कसोटीने पाहता, नियमांचा तक्ता भिंतीवर टांगून स्वतः मात्र संरक्षक चष्म्याविना आम्ल हाताळणारा शिक्षक आप्त ठरत नाही. नियमामागील कारण उलगडून सांगणे आणि तो विद्यार्थ्यांसमोर पाळणे, ही त्याची पहिली जबाबदारी आहे.