निरुपयोगी रान राखावे काय?

गुरांसाठी कुरण राखावे, सरपणासाठी ओढ्याकाठच्या बाभळी राखाव्या, हे आमच्या वाचकांस शिकवावयास नको. परंतु ज्या रानातून मोळी आणावयाची नाही, ज्यात गुरे घालावयाची नाहीत, ते राखण्यात काय अर्थ? आणि ते तोडल्याने शेजाऱ्याची चूल पेटत असेल, तर ते न तोडणे हा त्या शेजाऱ्यावर अन्याय नव्हे काय? हा विचार हवेत करण्यापेक्षा एका खऱ्या रानाकडे पाहून करू.

अमेरिकेतील ओरेगॉन संस्थानात, कॅस्केड पर्वतांत, लिटल नॉर्थ सँटियाम नदीच्या खोऱ्यात ओपल क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठी डग्लस फर, हेमलॉक व तांबडा सीडर ह्यांचे अतिपुरातन रान होते. कित्येक झाडांचे वय ५०० वर्षांहून अधिक. म्हणजे वीस पिढ्यांनी पाहिलेली ती झाडे! अशा रानाच्या मुळांनी माती धरून राहते, ओढा निर्मळ वाहतो, व खालच्या सेलम शहरास पाणी पुरविणाऱ्या नदीस तो मिळतो. हाही उपयोगच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तो क्षणभर बाजूस ठेवू, कारण केवळ पाण्यासाठी रान राखणारा मनुष्य दुसरीकडे पाणी मिळताच कुऱ्हाड उचलील.

त्या मुलखातील पुष्कळ गावे लाकूडतोडीवर व करवतीच्या गिरण्यांवर जगत असत. १९९० साली तेथील ठिपक्यांच्या एका घुबडास सरकारने संरक्षण दिले, तेव्हा पक्ष्यासाठी आमच्या मुलांची भाकर काढली, असा आक्रोश झाला. यंत्रांनीही पुष्कळांचे काम आधीच नेले होते, हे सांगणे योग्यच. तथापि तो आक्रोश आम्हांस खोटा वाटत नाही. ज्यांस रान हवे होते ते बहुधा शहरवासी, आणि त्याची किंमत मोजली गिरणीवाल्या गावांनी. दुसऱ्याच्या ताटातून दान करणे सोपे असते. रान राखणे जर धर्म असेल, तर त्याचा भार वाटून घेणे हाही त्याच धर्माचा भाग आहे.

जॉर्ज अतिये नावाचा त्या खोऱ्यातील खाणीच्या धंद्यातला गृहस्थ हे रान वाचावे म्हणून वर्षानुवर्षे झगडला. शेवटी मार्क हॅटफील्ड ह्या सेनेटराने, जो बाप्टिस्ट मंडळीतला भाविक मनुष्य व बहुतेक आयुष्यभर लाकूडधंद्याचा कैवारी होता, आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९९६ साली, कायदा करवून २०,००० एकरांहून अधिक रान कायमचे राखून ठेवविले.

मग ऑगस्ट २०२० मध्ये जवळच आग लागली. सप्टेंबरच्या आरंभी पूर्वेचा सोसाट्याचा वारा सुटला, आणि ती आग १,९०,००० एकरांहून अधिक मुलखावर पसरली. ओपल क्रीकचे रान पुष्कळसे जळाले. सँटियाम खोऱ्यातील गेट्स व डेट्रॉइट ह्या गावांतील पुष्कळ घरे भस्म झाली. आणि जॉर्ज अतिये त्याच आगीत मृत्यू पावला.

तर मग इतका झगडा व्यर्थ गेला काय? आमच्या घरातला म्हातारा बाप आज ना उद्या जाणार, हे आम्हांस ठाऊक असते. तेवढ्यावरून त्याची भाकर कोणी बंद करीत नाही. त्याचा काही उपयोग आहे म्हणूनही आम्ही त्यास जेवू घालत नाही. ईयोबाच्या ग्रंथात देव विचारतो की, जेथे मनुष्यच नाही अशा ओसाड भूमीवर पाऊस कोण पाडतो. आमच्या शेताच्या बांधाबाहेर पडणारा तो पाऊस वाया गेला, असे म्हणावयाचे आम्हांस धैर्य होत नाही. विजेने वा आगीने झाड जाणे आणि आपल्या हाताने ते पाडणे ह्यांत जो भेद आहे, तो मरण व हत्या ह्यांतील भेदासारखा आहे. लाकूडतोड्यास आम्ही घातकी म्हणत नाही, हे मात्र कोणी विसरू नये. आम्हीही लाकडी बाकावर बसूनच हे लिहीत आहो.

त्या रानाची एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे मोठे झाड पडले की ते शेकडो वर्षे कुजत राहते, आणि त्याच्या शेवाळलेल्या अंगावर हेमलॉकची रोपे रुजतात. मूळ ओंडका माती होऊन जातो, तरी ती झाडे पुढे कित्येकदा एका सरळ रेषेत उभी दिसतात.