‘इतर’ या रकान्यातला माणूस

समजा, मी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रौढ माणसाच्या किडनीतला कॅन्सर समोर आला की तो काहीही न तपासता एकच उत्तर देतो: ‘रीनल सेल कार्सिनोमा’. हा प्रोग्रॅम १० पैकी साधारण ९ वेळा बरोबर ठरेल, कारण प्रौढांमधले किडनीचे जवळपास ९० टक्के कॅन्सर याच प्रकारचे असतात. ९० टक्के ॲक्युरसी! आमच्या मीटिंगमध्ये एवढ्यावर कुणी टाळ्याही वाजवेल. पण या प्रोग्रॅमने एकही गाठ बघितलेली नाही.

मग प्रश्न उरतो तो दहाव्याचा. बहुतेकांच्या बाबतीत बरोबर असणं आणि या एका माणसाशी बरोबर वागणं, या दोन गोष्टी एकच आहेत का?

किडनीचं बरंचसं काम बारीक नळ्या करतात. नेहमीचा कॅन्सर या नळ्यांच्या अस्तरातून उगवतो. पण नळ्यांच्या आजूबाजूला रक्तवाहिन्या, स्नायू, चरबी, तंतू असा आधार असतो. त्यातून उगवणाऱ्या गाठींना मेसेन्कायमल गाठी म्हणतात. त्यातली अँजिओमायोलिपोमा ही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिच्यात चरबी दिसली की सीटी स्कॅनवरच ओळख पटते. चरबी कमी असेल तर मात्र ती थेट कॅन्सरसारखी दिसते, आणि काढायची गरज नसलेली किडनी काढली जाऊ शकते.

उलटंही होतं. लहान मुलांच्या किडनीत बहुतेकदा विल्म्स ट्यूमर सापडतो. क्लिअर सेल सार्कोमा हा दुर्मिळ कॅन्सर बरीच वर्षं त्याच नावाखाली मोजला जायचा. १९७० च्या दशकात काही पॅथॉलॉजिस्टांनी या ‘विल्म्स’मधल्या काही गाठी वेगळ्या वागतात, हाडांत पसरतात, हे पाहून त्यांना वेगळं काढलं. पुढे त्यांच्या उपचारात डॉक्सोरुबिसिन हे औषध आलं आणि जगणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. आजार तोच होता, मुलं तशीच होती. ‘हे त्यातलं नाही’ असं कुणीतरी म्हणालं, म्हणून औषध बदललं.

आता खान्देशात येऊ. धुळ्याच्या माझ्या एका मित्राच्या आईच्या बायोप्सी रिपोर्टवर शेवटी एवढंच होतं: ‘स्पिंडल सेल गाठ. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी.’ स्पिंडल सेल म्हणजे चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी. अशा पेशी कितीतरी वेगवेगळ्या गाठींत असतात. खास रंग टाकून पेशीतली प्रथिनं ओळखल्याशिवाय नाव सांगता येत नाही. घरात मात्र एकच प्रश्न फिरत होता: ‘गाठनं नाव काय शे?’ मामांचं मत पक्कं होतं, डॉक्टरला काही समजलं नाही.

मला वाटतं, त्या फाइलमधली सगळ्यात प्रामाणिक ओळ तीच होती. पॅथॉलॉजिस्टला सवयीचं नाव लिहून मोकळं होता आलं असतं. कुणी विचारलंही नसतं. नाव न लिहिणं हे तिथे काम टाळणं नव्हतं, तेच काम होतं.

पण प्रामाणिकपणाचं बिल कोणाकडे गेलं? मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात शंका आली, तर ब्लॉक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. धुळ्यात शंका आली, तर मेणात बसवलेला तो गाठीचा तुकडा आणि स्लाईड पिशवीत घालून कुणीतरी सव्वातीनशे किलोमीटर जातं. जळगावहून सव्वाचारशे. परळला टाटा मेमोरियलच्या रांगेत उभं राहायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचं, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची. शंका डॉक्टरची, खर्च घरच्यांचा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी रोज ढीगभर स्लाईड बघणाऱ्याने प्रत्येक गाठीवर शंका घेतली, तर नेहमीच्या आजाराचे ९ जण विनाकारण अडकतील. उशीर हीसुद्धा इजाच आहे. नेहमीचं आधी धरून चालणं हा आळस नाही, तो हिशेब आहे. खरंच आहे. पण चांगल्या हिशेबात ‘इतर’चा रकाना असतो, आणि त्यात कधी टाकायचं याचे नियमही असतात: स्कॅन एक सांगतोय आणि स्लाईड दुसरं, पेशींचा आकार जुळत नाही, वय जुळत नाही. असं दिसलं की थांबायचं.

आणि थांबण्याची किंमत रुग्णाने मोजायची नसेल, तर माणसाऐवजी ब्लॉक प्रवासाला गेला पाहिजे. ते अशक्य नाही. धुळ्यात आणि जळगावात सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे. खान्देशातली केळी रोज शेकडो किलोमीटर जातात, वेळेत पोचतात. त्यापुढे मेणाचा एक तुकडा पाठवणं काय अवघड आहे?

‘मला नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य बोलायला धैर्य लागतं असं आपण म्हणतो. पण ते बोलल्यावर समोरच्या घरातली म्हैस विकली जाणार असेल, तर चांगला माणूसही ते बोलताना दहादा विचार करेल. कदाचित बोलणारही नाही. म्हणून प्रामाणिकपणा हा फक्त डॉक्टरच्या स्वभावाचा प्रश्न राहत नाही. खरं बोलणं परवडेल अशी सोय करणं, हे आपल्या सगळ्यांचं देणं आहे. दहाव्या माणसाचं देणं.