भंगलेला हात

१८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून कलाशाळा निघाली आणि त्याच वर्षी झाशीत उठावाचा वणवा पेटला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. झाशीच्या मराठी रहिवाशाच्या मनात मात्र त्या शेजारी येऊन बसतात.

त्या शाळेत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवर आपला हात बसविला. म. वि. धुरंधर तेथेच घडले. परदेशी देहाची ही घोकंपट्टी आमच्या मुलांना कशाला, असा आक्षेप पुढे घेतला गेला. मला तो दुय्यम वाटतो. खरा प्रश्न नीतीचा आहे : समोरच्या मूर्तीचा हात तुटलेला असेल, तर चित्रकाराने तो पुरा करावा काय?

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो. संगमरवरावरील उजेड दाखवावयाचा तर कागद तेथे कोराच राखावा लागतो; म्हणजे आपण कोठे हात लावावयाचा नाही, हे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते. (ती शुभ्रताही मूळची नव्हे. ग्रीकांचे पुतळे रंगविलेले असत; काळाने ते रंग पुसले.)

लाओकूनचा शिल्पसमूह १५०६ साली रोममध्ये सापडला, तेव्हा सर्पांच्या विळख्यात सापडलेल्या त्या पित्याला उजवा हात नव्हता. पुढे जाणत्यांनी तो वर उगारलेला कल्पिला आणि तसाच बसविला. शतकानुशतके चित्रकारांनी त्याच वीरश्रीची नक्कल केली. १९०६ साली मूळ हात मिळाला. तो डोक्यामागे दुमडलेला होता! दुसऱ्याच्या वेदनेला आपण आपल्या आवडीचा आवेश दिला होता.

झाशीच्या राणीमहालात, जेथे लक्ष्मीबाई राहिल्या, आज नवव्या ते बाराव्या शतकातील शिल्पे मांडलेली आहेत. त्यांतील कित्येक भंगलेली आहेत. येथे मोह अधिक बिकट, कारण या मूर्ती आपल्या. उणे अवयव भक्तीच भरू पाहते. परंतु खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य, हाही आपलाच संकेत. पूजेतून उठलेल्या अशा मूर्तीपुढे अजूनही तासन्‌तास बसणारा कोणी असेल तर तो चित्रकारच. त्याने तरी तिला आहे तशी पाहावी. घडीव अंगावरून ओला कुंचला सहज वाहतो. तुटल्या कडेशी दगड खरबरीत, छाया बारीक आणि तुटक. तेथे कुंचला जवळजवळ कोरडा करून पुन्हा पुन्हा थांबावे लागते.