इसाराआधी

आमच्या चिखल्याच्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. यंदा वाचनानंतर गोष्ट घरकर्जावर गेली. जाणारच. साठीला नोकरी संपली की खाणीचं क्वार्टर सोडावं लागतं, आणि माणूस तुमसरला घर शोधू लागतो. एका पोरानं विचारलं, “काका, भगवंतांनी ऋण नसण्याला सुख म्हटलं. मग बँकेत जाणं धम्माविरुद्धच ना?”

मी मँगनीजच्या खाणीवर हजेरीबाबू होतो. आकडा असो की वचन, तपासून घेतो. म्हटलं, हे सांगितलं कोणाला ते पाय. अनाथपिंडिकाला, श्रावस्तीच्या श्रेष्ठीला. गृहस्थाची सुखं चार: न्यायानं मिळवलेलं असणं, ते उपभोगणं, ऋण नसणं आणि निर्दोष वागणं. पहिली तिन्ही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत. सामञ्ञफलसुत्तात तर कर्ज काढून धंदा करणारा, ते फेडून उरलेल्यात बायको पोसणारा माणूस आनंदाचा दाखला म्हणून येतो. कर्ज काढलं म्हणून त्याला कोणी बोल लावत नाही.

दोष कुठं लागतो ते जेतवनाच्या कथेत आहे. अनाथपिंडिकानं जेत राजकुमाराकडं बाग मागितली. कोटी नाणी अंथरलीस तरी देणार नाही, असं जेत म्हणाला. हा म्हणाला, बाग घेतली! तंटा न्याय करणाऱ्या अमात्यांपुढं गेला. त्यांनी निकाल दिला: किंमत तोंडातून निघाली, म्हणजे व्यवहार झाला. मग गाड्या भरून सोनं आलं, तरी दाराजवळचा तुकडा उघडा राहिला. तेवढी जागा मला दे, असं जेतच म्हणाला, म्हणून निभावलं. आपल्याला घर विकणारा जेत नसतो.

आपल्याकडं रविवारी घर आवडतं, सोमवारी इसार दिला जातो आणि बँकेची पायरी त्यानंतर चढतात. तिथं कळतं की ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांवर जात नाही, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हा खर्च बहुधा त्या किमतीत धरतच नाहीत. आधीचे हप्ते पगारातून वजा होतात, सिबिल पाहतात. इकडं मुदतीत खरेदीखत करण्याचा शब्द तर जाऊन बसला. हे मला चौथ्या शीलाचं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, प्रकरण वाटतं. फसवायचा हेतू नव्हता, हे खरं. पण ऐपत न पाहता दिलेल्या शब्दावर समोरच्यानं आपलं दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलेलं असतं.

माझ्या लेकीनं आधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र आणलं. जावई चिडले: “बाबा, यात अटीच अटी आहेत. घराचं मूल्यांकन, आखीव पत्रिका, वकिलाचा शोध अहवाल. याला मंजुरी म्हणतात का?” मला त्या अटीच आवडल्या. सगळं प्रत्ययांवर, म्हणजे कारणांवर, अवलंबून आहे हे आपण विहारात म्हणतो, बँक ते लेटरहेडवर लिहून देते. तिनं सांगितलं एवढंच की पगार इतका, म्हणून कर्ज इतकं, आणि घर नीट निघालं तर. अनित्य जगात याहून खरं बोलता येत नाही. बिनशर्त हो म्हणणाराच जपून ऐकावा.

तेव्हा पोरांनो, आधी ते पत्र घ्या, त्यातल्या आकड्याच्या आत घर पाहा. इसारपावतीत एक ओळ मागून घ्या: कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत. विकणारा नाही म्हणाला तर उठून या.