उगमापासून सागरापर्यंत

एखाद्या महानदीच्या उगमाशी उभे राहावयाचे, आणि यंत्राचे साह्य न घेता, केवळ हातापायांच्या बळावर तिच्यासोबत समुद्रापर्यंत जावयाचे, असा संकल्प करणारी माणसे गेल्या काही दशकांत बरीच निघाली आहेत. एड स्टॅफर्ड नावाचा इंग्रज गृहस्थ एप्रिल २००८ पासून ऑगस्ट २०१० पर्यंत ॲमेझॉनच्या काठाने पायी चालत होता. अशा लोकांच्या धैर्याविषयी वाद नाही. आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो तो त्यांचा नियम. मधला हातभर प्रवाहही वगळावयाचा नाही, हे बंधन नदीने घातलेले नाही. ते माणसाने आपल्यावर आपणच घालून घेतले आहे. असे बंधन माणसास कोठवर बांधते, आणि त्यापायी प्राण गेला तर तो सत्कारणी लागला असे म्हणावे काय?

ह्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उदाहरण चीनमधील यांगत्से नदीवर घडले. तांगुला पर्वतातील हिमनद्यांतून निघून ही नदी सुमारे ६३०० किलोमीटर वाहते. केन वॉरन नावाचा अमेरिकन तिच्यावर तराफे घेऊन येणार, अशी वार्ता पसरली, तेव्हा सिचुआन प्रांतातील एका विद्यापीठात छायाचित्रणाचे काम करणाऱ्या याओ माओशू ह्यास वाटले की, आपली नदी प्रथम आपल्याच माणसाने उतरली पाहिजे. १९८५ च्या उन्हाळ्यात तो रबरी तराफ्यातून एकटाच निघाला. तराफ्याचे नाव त्याने ‘ड्रॅगनचे वंशज’ असे ठेविले होते. जुलै महिन्यात, नदीच्या वरच्याच टप्प्यात, त्याचा अंत झाला.

येथवरची गोष्ट एका माणसाची आहे, आणि तिच्यापुढे आम्ही आदराने मस्तक लववू. त्याने घेतलेले व्रत त्याचे होते. एखाद्या संध्याकाळी काठास लागून ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकारही त्याचाच होता. परंतु त्याच्या मृत्यूने ते व्रत त्याच्या हातून निसटले व राष्ट्राचे झाले. १९८६ मध्ये चिनी तुकड्या नदीत उतरल्या. वॉरनची अमेरिकन तुकडीही आली. वर्तमानपत्रे रोज वार्ता देत होती. अमेरिकन तुकडीतील एक छायाचित्रकार पर्वतप्रदेशातील विरळ हवेने आजारी पडून मरण पावला. पुढे खळाळ असह्य झाले, तेव्हा वॉरनने मोहीम अर्ध्यावर सोडिली. चिन्यांनी सोडिली नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते समुद्रास मिळाले. परंतु त्या एका वर्षात नदीवर मेलेल्यांची संख्या दहाच्या आसपास गेली होती.

युन्नानमधील ‘व्याघ्रझेप’ नावाच्या घळीत काय झाले ते पाहावे. तेथे पाणी इतके उग्र आहे की वल्ही निरुपयोगी. म्हणून चिनी तरुणांनी चोहोंकडून बंद अशी रबरी कोठी केली, आत माणसे बसविली आणि ती प्रवाहात सोडून दिली. आत बसलेल्यास वल्हे मारावयाचे नाही, वाट निवडावयाची नाही, नदी दिसतसुद्धा नाही! जी मोहीम मनुष्यबळाच्या गौरवासाठी निघाली, तिच्यात मनुष्य हे निव्वळ ओझे झाले. तुकडीपैकी एकास ह्या घळीत प्राणास मुकावे लागले. तराफा खांद्यावर घेऊन काठाने ती घळ ओलांडली असती, तर काय उणे झाले असते? नियम मोडला असता, एवढेच. आणि तो मोडण्याची मुभा देणारा कोणी उरला नव्हता. माणसाने आपल्याशी केलेला संकल्प माणसास सोडता येतो. तोच लक्षावधी अनोळखी लोकांच्या अभिमानाचा विषय झाला की मागे फिरण्यास भ्याडपणाचे नाव मिळते. वॉरनवर त्याच्या देशात टीका झाली असेल वा नसेल, आम्ही तर त्याच्या माघारीस ह्या प्रकरणातील एक शहाणपणाचे कृत्य समजतो.

आमच्याकडील नर्मदा-परिक्रमेचे नियमही हट्टीच आहेत, हे कबूल केले पाहिजे. नदी उजव्या हातास ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचे नाही. परंतु तेथे पहिले कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि सदावर्तात वाढणारी बाई परकम्मावासीयास वेळापत्रक विचारीत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी वाट गेली, तेव्हा लोक दूरच्या वळणाने जाऊ लागले. परिक्रमा खंडित झाली असे कोणी मानले नाही.

आणि यांगत्सेवरच शतकानुशतके मनुष्यबळ राबत होते, ते नावा ओढणाऱ्यांचे. खांद्यास दोर बांधून, कड्याच्या अरुंद वाटांवरून ते जड नावा प्रवाहाविरुद्ध ओढीत. त्यांपैकी कोणी उगम पाहिला असेल असे वाटत नाही. खळाळ अवघड असला की ते माल काठावर उतरवून डोईखांद्यावरून पुढे नेत, उतारूंस चालावयास लावीत, आणि रिकामी नाव ओढून काढीत. त्यात कोणास लाज वाटत नसे, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्याशी गाठ होती. त्यांच्या दोरांनी काठच्या खडकांत खोल खाचा पाडल्या होत्या. २००३ पासून त्रिघळ-धरणाचे पाणी चढू लागले, आणि त्यांतील पुष्कळ खाचा आज त्याच्या तळाशी आहेत.